बिननावाची मूठ

साईचं नाव घेऊन झालं, मूठ परातीत उघडली, वरून चिमटीतले दाणे सोडले, आणि तिथे थांबायचं होतं. बयाबाईचा हात थांबला नाही. तो पुन्हा पोत्यात गेला, गच्च भरून वर आला आणि परातीवर उघडला. गहू गव्हावर पडताना होतो तो आवाज झाला, तोंडातून मात्र नाव निघालं नाही. समोर पाटावर बसलेली तिची सून सरिता हातातल्या कागदावरून वर बघायला लागली. कागदावर तेवीस नावं होती आणि तेविसांपुढे खुणा झाल्या होत्या. "आई, ही कोणाची?" तिने विचारलं. बयाबाईने हात पदराला पुसला. "कागद तुझ्या हातात हाय ना? मग कागदाला इचार," ती म्हणाली आणि परातीकडे बघत राहिली. परातीत आता कुठलीच मूठ वेगळी दिसत नव्हती. सगळा गहू एकसारखा, एकाला एक बिलगलेला. तिच्या तळव्याला मात्र ती शेवटची मूठ अजून लागत होती, थंड, थोडी जड, हातातून गेल्यावरही हातात राहिलेली.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्यात कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू आदल्या दिवशी मोजून घ्यायचा, भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मग तो कळवणला असो, पुण्याला असो, नाहीतर पाळण्यात असो. नाव आधी, हात मागून. सासूने तिच्याकडे हे काम दिलं तेव्हा नावं एकतीस होती. मग काही माणसं गेली, काही भांडून निराळी झाली, काही नवी जन्माला आली, आणि गेल्या चैत्रात जन्मलेला चुलतपणतू साई हा शेवटचा. बयाबाईला कागद कधी लागला नव्हता. दुसरीतून बापाने काढून म्हशींमागे धाडलं, तेव्हापासून अक्षरं आणि ती एकमेकांच्या वाटेला गेली नाहीत. पण सगळं खानदान तिच्या जिभेवर होतं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, कोण कोणाच्या मागे, एकही पायरी न चुकता. कागद ही सरिताची भर. गेल्या वर्षी न्हाणीत पडून बयाबाईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना वाटायला लागलं की खुब्याबरोबर डोकंही थोडं मोडलं असावं. बोलत कोणी नव्हतं. बोलण्याची छाती कोणाची होती? पण गोळ्यांच्या डब्यावर वार लिहिलेले, गॅसजवळ गेली की कोणीतरी मागे येऊन उभं राहणारं, आणि आता हा कागद. आणि नेमकं कागद समोर असताना हात चुकावा! यापेक्षा हात मोडला असता तरी परवडलं असतं, असं तिला क्षणभर वाटलं.

पडलेली मूठ परत पोत्यात जात नाही. तिच्या सासूने हे सांगताना कारण सांगितलं नव्हतं आणि बयाबाईने विचारलंही नव्हतं. कारण विचारणाऱ्या सुना त्या काळी फार दिवस टिकत नसत. आणि बिननावाचा दाणा गिरणीत घालायचा नाही, हेही तितकंच पक्कं. रोट भाऊबंदांनीच खायचे, दुसऱ्या कोणाला कण द्यायचा नाही. मग जिचं नावच नाही ती मूठ खायची कोणी? सरिताने अंबडला फोन लावला. तिथे सोमनाथचा, म्हणजे बयाबाईच्या एकुलत्या एक मुलाचा, दोन मशिनांचा छोटा कारखाना होता. मागे यंत्राची घरघर आणि त्यातून सोमनाथचा आवाज, "एवढं काय त्यात, एक मूठ काढून टाका." बयाबाईने सुनेच्या हातातून फोन घेतला. "तुझ्या वेळंला सुईण म्हणली होती, पोर आडवं हाय. मी म्हणले का, काढून टाका?" पलीकडे यंत्र बंद झालं. "नाही आई, मी आपलं..." "तू आपलं तुझं लोखंड काप," ती म्हणाली आणि फोन परत दिला. मग सरिताने कळवणला धाकट्या चुलतसासूला, मंगलाबाईला, विचारलं. मंगलाबाईला आनंदच झाला. घरात नवं माणूस येणार, ती म्हणाली, कोणाला दिवस गेलेत ते बघा, हाताला आधी कळतं. "हिला कोणाची शिंक ऐकली तरी डोहाळजेवण दिसतं," बयाबाई पुटपुटली. पण ते वाक्य तिच्या कानात राहिलं. हाताला आधी कळतं. काय कळतं? नाव घेताना तिचं मन कुठे होतं ते तिला चांगलं माहीत होतं. साईचं नाव घेतलं तेव्हा ती साईच्या पुढे गेली होती. साईचा पोरगा, त्याचा पोरगा, त्याचा पोरगा, अशी उतरत उतरत, जिथे अजून कोणीच नाही तिथपर्यंत. आणि हे खूळ तिच्या डोक्यात भरलं होतं परवाच्या त्या व्याख्यानाने.

परवा, गुरुवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात तिच्या नातीचं, वेदिकाचं, व्याख्यान होतं. वेदिका ताऱ्यांवर शिकलेली, त्यातच डॉक्टर झालेली. बयाबाई लोकांना सांगताना नुसतं डॉक्टर म्हणायची आणि पुढचं सांगायची नाही, कारण मग लोक गुडघे दाखवायला लागतात. इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती. पोरगी उभी राहिली, पडद्यावर काळोख आला आणि त्या काळोखात साखर सांडावी तसे तारे. बरंच काही तिला समजलं नाही, आणि न समजल्याचं तिने कोणाला कळूही दिलं नाही. शेवटी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले. त्यांनी विचारलं, माणूस ताऱ्यांपर्यंत कधी जाईल का हो? विचारात पडली की वेदिकाच्या वरच्या ओठाला एक मुरड पडते, ती तिच्या आजोबाची, नाथाची; ती पडली. मग ती म्हणाली की सगळ्यात जवळचा तारा इतका लांब आहे की आजवर सूर्याच्या घराबाहेर गेलेल्या यानाच्या वेगाने निघालं तर सत्तर हजार वर्षं लागतील. वेग शंभरपट केला तरी सातशे. "म्हणजे जाईलही कदाचित," ती म्हणाली, "पण जे निघतील ते पोचणार नाहीत. आणि जे पोचतील, ते निघालेले नसतील. मधल्या पंचवीस-तीस पिढ्या जहाजातच जन्मतील आणि जहाजातच संपतील." सभागृहात कोणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. बयाबाईला राहवलं नाही. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "अन् गहू कुठं पेरणार?" लोक हसले. वेदिका हसली नाही. "तोच खरा प्रश्न आहे, आजी," ती म्हणाली, "त्याचं उत्तर अजून कोणाकडे नाही." लोक हसले होते ते बयाबाईला झोंबलं होतं, पण पोरीने सभेत तिला आजी म्हटलं आणि तिचा प्रश्न खरा ठरवला, त्याची ऊब घरी येईपर्यंत रिक्षात पुरली. त्यानंतर ती मधली माणसं आली. आली ती गेलीच नाहीत. भाजी निवडताना, जप करताना, दुपारी डोळा लागताना ती माणसं आपली त्या जहाजात बसलेली. निघाल्याचं ज्यांना आठवत नाही आणि पोचण्याचं ज्यांच्या नशिबात नाही. ती काय करत असतील दिवसभर? सकाळी उठून अंगण झाडायचं म्हटलं तर अंगण कुठलं? आणि सकाळ तरी कुठली?

आणि हे सगळं नुसतं रिकामटेकड्या म्हातारीचं चाळवणं असतं तर ठीक होतं. तसं ते नव्हतं. वेदिकाला बोलावणं आलं होतं. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, चिली देशात, जिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही अशा उजाड डोंगरावर मोठी दुर्बीण आहे, तिथे चार वर्षं. असंच बोलावणं गेल्या वर्षीही आलं होतं, आणि त्याच आठवड्यात बयाबाई न्हाणीत पडली होती. वेदिकाने कोणाला न विचारता नाही कळवून टाकलं आणि तीन महिने आजीला उठवलं, बसवलं, वॉकर धरून पॅसेजमधून चालवलं. आता दुसऱ्यांदा आलं होतं. तिसऱ्यांदा येणार नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी पोरगी तिच्या पायाशी येऊन बसली होती. "आजी, या वेळी तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तू तोंडाने जा म्हण. मग मी जाते. नाही म्हणालीस तर विषय संपला, पुन्हा काढणार नाही." बयाबाई तेव्हा वाती वळत होती. ती वाती वळत राहिली. पंधरा दिवस घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. सोमनाथ बघत होता, सरिता बघत होती, आणि तोंड, जे सबंध गल्लीत कोणाला सोडत नसे, ते एवढ्या एका शब्दाला मिटून बसलं होतं. लोकांना वाटत होतं म्हातारी अडून बसलीय. एका परीने ते खरंच होतं. पण घरातून निघणाऱ्याला जा म्हणायचं नसतं हे पोरीला कळू नये? उंबऱ्यावर ये म्हणतात. विहिरीवर निघालेल्यालाही ये म्हणतात. आणि ये म्हणायचं तर परत येईल तेव्हा ये म्हणणारं कोणीतरी जागेवर असायला पाहिजे. चार वर्षं. डॉक्टर हृदयाचा कागद बघून सोमनाथला बाहेर घेऊन गेला होता आणि सोमनाथ आत आला तो उगाच हसतच आला होता. तिला अक्षर येत नव्हतं. तोंड वाचता येत होतं. त्या जहाजातल्यांनाही कोणी ये म्हणणार नाही, तिच्या मनात आलं. सगळं गाव निरोपाला जमेल, वाजंत्री वाजतील, फुलं उधळतील, आणि तो एक शब्द कोणाच्या तोंडून निघणार नाही, कारण तो खोटा ठरणार हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही.

सरिता कणकेचे डबे घासायला मागे गेली. स्वयंपाकघरात परात, पोतं आणि बयाबाई. खिडकीतून श्रावणातलं ऊन आत आलं, परातीवर पडलं, गेलं, पुन्हा आलं. तिने नकळत गव्हावरून बोटं फिरवली आणि तिला नाथा आठवला. तिचा नवरा तिच्या समोर नसला की तिच्या बोटांत असायचा. नाथा यादव, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं. पहाटे कारखान्याची बस, संध्याकाळी बस, डब्यात कायम एकच भाजी मागायचा, बटाट्याची. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट, म्हणजे जोडखिळे, बसवायचे हे त्याचं काम. एकतीस वर्षं दुसरं काही नाही. घरी आला तरी त्याची बोटं गप्प बसत नसत. पत्र्याची पेटी, दाराची बिजागरी, तिच्या पाटल्या, कशावरूनही अंगठा फिरवत राहायचा. "हे बघ," तो म्हणायचा, "बोटाला लागलं म्हंजे वाऱ्याला लागतं. बोटाला लागता कामा नये." नवी नवरी होती तेव्हा तिला वाटायचं, येडा आहे. एकदा तिने विचारलं होतं, तिखटपणेच, की तुम्ही एवढी विमानं केली, कधी बसलात का? तेव्हा तो जेवत होता. घास तोंडात होता तो गिळून म्हणाला, "नाय. अन् बसणार पण नाय." "मग एवढं घासूनपुसून कशाला करता?" नाथाला हे विचारणं कळलंच नाही. ती काहीतरी परक्या भाषेत बोलल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. "जो बसंल त्याच्या बुडाखाली काय ते मपलंच हाय ना," तो म्हणाला आणि ताक मागितलं. तो गेला त्या दिवशी, घाटावर नेताना, डोक्यावरून एक विमान गेलं, ओझरकडून, खूप आवाज करत. सगळ्यांनी वर बघितलं. बायका म्हणाल्या, बघा, निरोप द्यायला आलं. बयाबाईला तेव्हाही राग आला होता. निरोपबिरोप काही नव्हतं ते, रोजच्या वेळेला उडालेलं विमान होतं. पण त्याच्या पत्र्यावर कुठेतरी एक जागा असेल, जिथे बोट फिरवलं तर काहीच लागणार नाही, आणि ते काहीच न लागणं हेच नाथा होता. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर लोकांनी गोळ्यांचा डबा बघितला असता.

ती भिंतीला टेकली. खुबा पावसाळी दिवसांत आतून बोलायचा. मधली माणसं. ती काही कोणी निराळी होती का? तिचा स्वतःचा जन्मच मधला. आई, अक्काबाई, बाळंतपणाला माहेरी निघाली होती, कळवणच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला, बैलगाडीतून. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झालेली, पण त्या रस्त्याला कोणी ते सांगितलं नव्हतं. चढावर गाडीचा आस मोडला. बाप बैल सोडून मदत शोधायला पुढच्या गावाला गेला आणि तेवढ्यात अक्काबाईच्या पोटात कळ उठली. सासर मागे चार कोस, माहेर पुढे चार कोस, वर करंजाचं झाड. बयाबाई झाली ती तिथे. आधारकार्डाच्या वेळी खिडकीतल्या पोराने जन्मगाव विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं, की वाटंवर. तो म्हणाला, आजी, वाटेचा पिनकोड नसतो, आणि सोमनाथने घाईघाईने कळवण लिहायला लावलं. सासरी तिला जावा वाटेवरची म्हणायच्या. ती उलट म्हणायची, "तुम्ही घरात जन्मून कुठं उजेड पाडला?" पण आईने सांगितलेली खरी गोष्ट ती क्वचितच आठवायची, आणि आज ती आपोआप वर आली, तळाला गेलेला पोहरा वर यावा तशी. रस्त्याच्या कडेला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, खाचरात एक बाई लावणीला वाकलेली होती. डोंगरातली, गुडघ्यावर लुगडं, अंगाला चिखल. अक्काबाईचं ओरडणं ऐकून ती हातातली रोपं तशीच टाकून आली. तिने विळा पाण्याने धुतला, वाळक्या काटक्यांवर तापवला, नाळ कापली. पोरीला स्वतःच्या पदराने पुसलं. मग झोपडीतून नागलीची पेज आणली आणि अक्काबाईला घोट घोट पाजली. तिची बोली अक्काबाईला अर्धीच समजायची. बाप माणसं घेऊन परत आला तेव्हा बाई पुन्हा खाचरात वाकलेली होती. गाडी निघाली तेव्हा अक्काबाईने हात केला, तिनेही चिखलाचा हात वर केला. एवढंच. अक्काबाई मरेपर्यंत म्हणत होती, सगळं झालं गं, तिचं नाव विचारायचं राहून गेलं. चोळी न्यायची होती, नारळ न्यायचा होता. पण कोणाच्या नावाने विचारणार त्या रस्त्याला?

बयाबाई सरळ होऊन बसली. मधल्या माणसांचं तिला इतके दिवस वाईट वाटत होतं ते त्यांच्या वाटेवर जन्मण्याचं नव्हतंच. वाटेवर जन्मलं म्हणून तिचं काय अडलं? जन्मणाऱ्याला वाट आणि गाव यातला फरक कुठे असतो, जिथे डोळे उघडले ते आपलं. तिला भीती वाटत होती ती वेगळीच होती, आणि ती आता कुठे तिला दिसली. त्या आभाळात रस्त्याच्या कडेला खाचर नाही. हातातलं टाकून उठणारी बाई नाही. सातशे वर्षं दोन्ही बाजूंना कोणी नाही. निघणारे नीट निघाले, जहाज चांगलं ठोकलं, नाथासारख्याने ठोकलं, गव्हाचंही काहीतरी जमवलं, पण आस मोडल्यावर अंधारातून चालत येणारं कोण? आणि जिथे वेदिका निघाली होती, त्या उजाड डोंगरावर, तिथे तरी कोण होतं? पोरगी आजारी पडली तर. रात्री दचकून उठली तर. जा म्हणायचं म्हणजे या कोणी नसलेल्यात तिला सोडायचं. पंधरा दिवस तोंड मिटलेलं होतं ते या कुलपाने.

"आजी, गिरणीचं काय? चारनंतर ते दुसऱ्यांचं दळण घेतात." वेदिका दारात उभी होती, केस ओले, अंगावर बापाचा जुना शर्ट. सरिताने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती परातीकडे बघत होती आणि हसू दाबत होती. "बघतीस काय? उचल," बयाबाई म्हणाली. "पण नाव?" "गिरणीपत्तर सापडंल." वेदिकाच्या स्कूटरवर नवं फडकं बांधलेली परात आणि रिकामा डबा पायांशी, मागे बयाबाई एका अंगाने बसलेली, एक हात नातीच्या खांद्यावर. सरिता वरून ओरडत होती की रिक्षा करा, आणि बयाबाई मागे न बघता हाताने तिला उडवून लावत होती. स्कूटर सिडकोतल्या गल्ल्यांतून सावकाश चालली. घराघरांसमोर रांगोळीची तयारी, केळीचे खुंट, कानबाईच्या चौरंगाला पताका. खानदेशातून आलेली सगळी वस्ती आज धूतपूस करत होती. नातीच्या शर्टाला सोमनाथच्या कारखान्यातल्या तेलाचा वास होता, कितीही धुतला तरी न जाणारा. पाठ मात्र पोरीची, अरुंद, गरम. चार वर्षं ही पाठ हाताला लागणार नाही, बयाबाईने मनात म्हणून बघितलं. जिभेवर मीठ ठेवून बघावं तसं.

गिरणीवाल्याने सकाळीच जातं उघडून, झटकून, पुसून ठेवलं होतं. रोटांच्या दळणाच्या दिवशी तो आधी दुसऱ्याचं दळत नसे. "आजी, टाकू का?" त्याने परात उचलत विचारलं. "थांब." तो थांबला. त्याला सवय होती. बयाबाईच्या शब्दाला वस्तीत बरेच लोक थांबत. वेदिका तिच्या कानाशी वाकली. "आजी, माझ्या नावाची असू दे ना ती मूठ. मी बाई आहे म्हणून तुझी कानबाई रागावणार आहे का? ती पण बाईच आहे." बयाबाईने तिच्याकडे बघितलं. उत्तर जिभेवर आलं होतं, चांगलं झणझणीत, पण ते तिने गिळलं. "तुझी मूठ तुला माझ्याकडून पाहिजे असंल तर सरळ माग. दुसऱ्याच्या ताटातली कशाला घेतीस?" "दुसऱ्याच्या? कोणाच्या?" बयाबाईने ते ऐकलं न ऐकलं केलं. "ते जहाज," ती म्हणाली. "त्यात सुईण घेणार का?" वेदिका चमकली. "घ्यावीच लागेल. डॉक्टर असतीलच." "डॉक्टर बोलावल्यावर येतो. मी म्हणते, न बोलावता येणारी. आपलं काम टाकून उठणारी. ती घेतली तर पोचतील. तुझे ते पंचवीस-तीस जेवढे बाप-आजे होतील, तेवढे सगळे पोचतील. नायतर पहिल्याच चढावर आस मोडला की संपलं." वेदिकाला हे सगळं कळलं नाही. पण तिच्या ओठाला ती मुरड पडली, सभागृहात पडली होती तशी.

बयाबाईने फडकं सोडलं. परातीत हात घातला, मूठ भरली. नाव आधी, हात मागून. गिरणीवाला, वेदिका, आणि पाठीमागे डबे घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "जिचं नाव इचारायचं राहिलं, तिची," आणि मूठ गिरणीच्या तोंडात सोडली. मागची एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, भाऊबंदांत बाई? बयाबाईने मान वळवली. "तुझी नाळ कापली त्या बाईला तू काय म्हणतीस? मी भाऊबंद म्हणते." मग गिरणीवाल्याकडे वळून, "आता वत सगळं." पट्टा फिरला. आधी दाण्यांचा कडकड आवाज, मग तो जाड झाला, मग घोगरा, आणि खालच्या कापडी नळीतून पीठ यायला लागलं. वेदिकाने डब्याच्या तोंडावर हात धरला होता. पीठ तिच्या बोटांवर पडत होतं, वाफ निघेल इतकं गरम, आणि तेवीस आणि एक अशा चोवीस मुठी त्यात कोणाला ओळखू येणार नव्हत्या.

"आजी," तिने गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "सोमवारी..."

"तिकडं त्या डोंगरावर," बयाबाई मधेच म्हणाली, "भांडीकुंडी करणारी, भाकरतुकडा करणारी कोणी बाई असंल ना?"

"असेल की. स्वयंपाकघर आहे तिथे, पन्नास-साठ माणसं असतात. का गं?"

बयाबाईने चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठ्याने बोटांवर चोळून बघितलं. कुठे कण लागतो का. नाही लागला.

"पोचलीस की पहिल्या दिवशी तिचं नाव इचार," ती म्हणाली. "नंतर राहून जातं."